पान उलटते हं

हेमलता ठोसरांच्या वाचनाला नियम एकच होता. समोरून "हं" आल्याशिवाय पुढचं वाक्य नाही.

आता हा नियम काही त्यांनी शोधून काढलेला नव्हे. गोष्ट सांगणारा आणि ऐकणारा यांच्यातला हा आपल्याकडचा जुनाच करार आहे. एकाने सांगायचं, दुसऱ्याने हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की समजावं, ऐकणारा झोपला तरी, रुसला तरी, नाहीतर गोष्ट तरी फसली. हेमलताबाईंनी हा करार फोनवर नेला, एवढंच. त्यांची सगळी नोकरी मिरजेच्या टेलिफोन खात्यात गेली, आणि नोकरीत असतानाच त्या श्रवणसेवा मंडळासाठी वाचू लागल्या. हे मंडळ दृष्टिहीनांना पुस्तकं ऐकवायचं. बाई यायच्या आधी कॅसेटवर, त्या आल्यापासून थेट फोनवर. एका वेळी एकच श्रोता. कुणाला बारावीचा इतिहास, कुणाला कादंबरी, कुणाला द्राक्षांवरच्या रोगांचं पुस्तक. पुन्हा ऐकता यावं म्हणून प्रत्येक फोन रेकॉर्ड व्हायचा. असं एकतीस वर्षं चाललं.

पान संपलं की त्या म्हणायच्या, "पान उलटते हं." सुरुवातीला त्या नुसत्याच थांबत, तर पलीकडच्याला वाटे की लाइन गेली. म्हणून ही सवय लागली. पलीकडून "हं" यायचा, कागद सळसळायचा आणि वाचन पुढे चालायचं. हे वाक्य श्रोत्यांत इतकं रुळलं की कुणाचं लग्न ठरलं, कुणाची बदली झाली, तरी "बाई, पान उलटतोय हं" असंच सांगायचे.

आणि बाईंचा कान तर असा तयार की नुसत्या "हं"वरून त्या माणूस ओळखायच्या. समजून दिलेला हुंकार जरा रेंगाळून यायचा. झोपेच्या किंवा तंद्रीच्या भरात दिलेला फार झटकन यायचा, कधीकधी तर वाक्य संपायच्या आधीच. असा झटपट हुंकार आला की बाई काही न बोलता मागचं पान पुन्हा वाचायला घ्यायच्या.

सन्मती मगदूमला हे सगळं पाठ होतं. शिरोळकडच्या खेड्यातला हा जन्मांध पोरगा नवव्या वर्षी मंडळाच्या वसतिगृहात आला आणि बाईंच्या आवाजावर वाढला. पाढे, भूगोल, पुढे वकिलीची पाच वर्षं, सगळं त्याने त्यांच्याच तोंडून ऐकलं. परीक्षेत लेखनिक म्हणूनही बाईच बसल्या. त्याला पदवी मिळाली त्या दिवशी त्याने पेढा आधी बाईंच्या हातावर ठेवला, मग आईच्या. चाळिशीला आला तेव्हा तो मंडळाचा सचिव झाला होता, आणि बाई लोकांना सांगत की मला मूलबाळ नाही असं कोण म्हणतं?

त्याच सुमारास कायदा बदलला.

तोवर धर्मादाय संस्थांनी लॉटरी काढायची म्हटली की जुगाराचा कायदा आडवा यायचा. देणग्या आटल्या होत्या आणि सरकारी अनुदान म्हणजे बोलाची कढी, बोलाचाच भात. नव्या कायद्याने नोंदणीकृत संस्थांना सोडतीची तिकिटं ऑनलाइन विकायची मुभा दिली. अटी कडक होत्या. सोडत प्रमाणित यंत्रानेच निघाली पाहिजे, आणि दर तिकिटाला घेणाऱ्याची स्पष्ट संमती पाहिजे. संमती म्हणजे पडद्यावर उमटवलेला अंगठा.

सन्मती या अंगठ्यावर अडून बसला. पडदा ज्याला दिसतच नाही त्याने काय शेजाऱ्याला बोलवायचं का, असं त्याने नियम ठरवणाऱ्या सरकारी समितीला विचारलं. दृष्टिहीनाचा आवाज ही त्याची सही मानली पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. साक्षीला त्याने हेमलताबाईंना मुंबईला नेलं. बाई आयुष्यात पहिल्यांदाच अशा ठिकाणी बोलल्या, पण न अडखळता बोलल्या.

"माझा श्रोता 'हं' म्हणतो ना, तेव्हा तो होच म्हणत असतो," त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षांत मला कधी शंका आलेली नाही."

नियम मंजूर झाला. आवाजी होकार, मग तो "हो" असो, "हां" असो की "हं" असो, सहीबरोबर मानला गेला. वर्तमानपत्रात दोघांचा फोटो आला. बशीर शिकलगार म्हणाला, "आता संमतीसाहेबांनी आमची संमती कायद्यात बशिवली." बशीरच्या तोंडी सन्मतीचं नाव पहिल्यापासून संमती असंच होतं. हा बशीर म्हणजे बाईंचा सगळ्यांत जुना श्रोता. मिरजेतल्या तंतुवाद्यांच्या गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तारेखालची हाडाची पट्टी तो केसाएवढी घासायचा आणि तारेतून नुसता सूर नव्हे, त्याच्याभोवतीचा गुंजारव काढायचा. डोळे पाचव्या वर्षी देवीच्या तापासारख्या कसल्याशा तापात गेले होते.

पुढच्याच हिवाळ्यात बाईंचा घसा बसला. स्वरतंतूंवर गाठी आल्यात, आता मोठ्याने वाचन बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. बाई दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सन्मती घरी आला.

"ताई, वाचन बंद पडायचं नाही," तो म्हणाला. "प्रतिस्वर वाचेल. तुमच्याच आवाजात."

प्रतिस्वर हे यंत्र पुण्याच्या एका कंपनीने बनवलं होतं. माणसाच्या आवाजाची नक्कल करणारी यंत्रं तोवर पैशाला पासरी झाली होती. पण ती बोलत सुटायची, ऐकणाऱ्याची त्यांना पर्वा नसे. मंडळाकडे मात्र जगात दुसरीकडे कुठे नसेल असा साठा होता. एकतीस वर्षांचे फोन, आणि प्रत्येक फोनमध्ये दोन्ही बाजू. बाईंचं वाक्य आणि त्यावरचा "हं". त्यामुळे हे यंत्र नुसतं वाचायला नव्हे, थांबायलाही शिकलं होतं.

"हुंकार दिल्याशिवाय पुढं जाणार नाही ताई. एका वेळी दोन हजार जणांना वाचून दाखवेल आणि प्रत्येकासाठी वेगळं थांबेल."

बाईंचे डोळे भरून आले. सन्मतीने कराराच्या दोन प्रती काढल्या, एक छापील, एक ब्रेलमधली. छापील प्रत त्याने त्यांच्या हातात दिली.

"थांबा, आज मी वाचतो," तो हसून म्हणाला. "इतकी वर्षं तुम्ही वाचलंत, आज तुम्ही हुंकार द्या."

तो ब्रेलच्या ठिपक्यांवरून बोट फिरवत वाचू लागला. त्याचं वाचन बाईंच्याच वळणाचं होतं, स्वल्पविरामालासुद्धा त्यांच्यासारखाच थांबायचा. बाई त्या कौतुकात बुडून गेल्या. हातातला कागद मांडीवर तसाच राहिला आणि त्या हं, हं करत गेल्या. एका ठिकाणी त्याचं बोट दोन-तीन ओळी पुढे सरकलं, पण आवाज आला नाही. दम घेत असेल, असं बाईंना वाटलं. शेवटी तो म्हणाला, "पान उलटतो हं, ताई." त्या हसल्या, हं म्हणाल्या आणि सही करून मोकळ्या झाल्या.

त्यानंतरचे सात-आठ महिने सुखाचे गेले. मंडळाच्या इमारतीवर मजला चढला, ब्रेलची नवी छपाईयंत्रं आली. सोडतीची तिकिटं चांगली खपतात असं कानावर यायचं. कोण घेतं, कसं घेतं, हे विचारायचं बाईंच्या मनातही आलं नाही. डॉक्टरांच्या आज्ञेप्रमाणे त्या कमी बोलत आणि खडीसाखर चघळत बसत.

मग एके दिवशी सकाळी त्या बशीरच्या दुकानावरून जात होत्या, तर आत भिंतीवरची मोठी खुंटी रिकामी दिसली. तिथे बशीरच्या वडिलांनी घडवलेला तंबोरा असायचा. लाखाला मागितला तरी बशीर तो द्यायचा नाही.

"बशीरभाई, तंबोरा कुठंय?"

बशीरचा हात कानशीवर थांबला. आवाज ओळखूनही तो उठला नाही. एरवी "या बाई" म्हणून हातातलं काम टाकणारा माणूस.

"इकला," तो म्हणाला. "बाई, रागावू नगा, पर एक बोलतो. तिकिटं आता बास करा की ओ."

"कसली तिकिटं?"

"आता आनि कसली? सोडतीची. तुमी कवा कुनाकडं काय मागितलं न्हाई. पयल्यांदाच मागत हाय, म्हंजी बाईला कायतरी नड असंल, म्हनून मी न्हाई म्हनलो न्हाई. पर रोज दोन-दोन, चार-चार. किती घ्यायची मानसानं?"

"अहो, मी कुठं मागितली? ते यंत्र वाचतंय. मी तर घरी गप्प बसलेय."

"यंत्र वाचतंय ते ठावं हाय मला," बशीर म्हणाला. "पर मशीनला काय करायचंय ओ तिकीट इकून? तुमच्या आवाजात मागतंय म्हंजी तुमी सांगितल्याबिगर मागंल का?"

बशीरने पुन्हा कानस हातात घेतली आणि मान खाली घालून घासू लागला.

घरी येऊन त्यांनी दार लावून घेतलं. मंडळाने मानाखातर त्यांनाही श्रोता करून घेतलं होतं, पण आपलाच आवाज काय ऐकायचा म्हणून त्यांनी फोनवरचं ते खातं कधी उघडलं नव्हतं. आता उघडलं. बशीर ऐकत होता तीच कादंबरी लावली. मुंबईच्या बंदरातली घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाची ती गोष्ट होती.

आवाज हुबेहूब त्यांचा होता, दहा वर्षांपूर्वीचा, गाठी यायच्या आधीचा. पहिली काही पानं बाई कान टवकारून बसल्या. फसवणूक कुठे आहे ती पकडायचीच, असा त्यांचा निश्चय होता. पण यंत्र हुंकार दिल्याशिवाय पुढे जाईना, म्हणून त्यांना हं म्हणावं लागत होतं. हळूहळू घड्याळजीची बायको आजारी पडली, त्याने पहिल्यांदा घड्याळ बंद ठेवलं, आणि बाई त्या घरात जाऊन बसल्या. हुंकार आपोआप येऊ लागला. प्रकरण संपत आलं. घड्याळजी दारात उभा होता, आत जावं की नाही ते त्याला कळत नव्हतं.

"पान उलटते, आणि आजचं तिकीट तुमच्या नावावर घेते हं," त्यांचाच आवाज म्हणाला.

"हं," हेमलताबाई म्हणाल्या.

आणि लगेच त्यांनी तोंडावर हात दाबला. फोन बारीक किणकिणला. तिकीट निघालं होतं, खात्यातून पैसे वळते झाले होते. आवाजाने घड्याळजीला आत नेलं आणि वाचन पुढे चालू राहिलं.

यात जादूटोणा काही नव्हता, साधं शास्त्र होतं. दोन माणसं बोलतात तेव्हा एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. पण साधा एक शब्द मनात जुळवून तोंडातून काढायला मेंदूला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ पाहिजे. याचा अर्थ, समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत आपण थांबतच नाही. ते कुठे चाललंय याचा अंदाज बांधून आपण उत्तर आधीच तयार ठेवतो आणि वाक्य संपलं की सोडून देतो. अंदाज चुकण्याची भीती असेल तर माणूस जरा दमाने घेतो. जिथे भीती नाही, तिथे हुंकार बाणासारखा सुटतो. प्रतिस्वर प्रत्येक हुंकाराचं अंतर सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात मोजत असे. ते अंतर ठरावीक आकड्याखाली उतरलं की समजायचं, श्रोता आता वाक्याला नव्हे, आवाजाला हं म्हणतोय. मग तिकिटाचं वाक्य टाकायचं, तेही रोजच्या ओळखीच्या वाक्याला जोडून. सोडत अगदी सचोटीने निघायची, बक्षिसंही वेळच्या वेळी मिळायची. तिथे काडीची लबाडी नव्हती.

हे बाईंना कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. झटपट येणारा हुंकार त्यांनी एकतीस वर्षं ऐकला होता. त्याबद्दल त्यांनी सगळ्या जगात एकाच माणसाला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मंडळ उघडताच त्या सन्मतीच्या खोलीत गेल्या.

"या ताई," तो दाराकडे तोंड करून म्हणाला. "चप्पल बदललीत वाटतं."

"बशीरने बापाचा तंबोरा विकला."

"ऐकलं मी. वाईट वाटलं. पण ताई, तिकीट काय आपण कुणाच्या खिशातनं काढून घेत नाही. वाक्य स्पष्ट आहे, किंमत सुरुवातीला सांगितलेली आहे, आणि प्रत्येक होकार रेकॉर्ड आहे."

"तो होकार नाही. तो हुंकार आहे."

"कायद्यात दोन्ही एकच. तुम्हीच सांगितलंत की समितीला." तो मऊ आवाजात बोलत होता, लहानपणी चुकीची कबुली द्यायचा तसा. "ताई, बँकेत सही करायला आम्हाला दोन साक्षीदार लागायचे. डोळस साक्षीदार. माझ्या बापाची जमीन त्या साक्षीदारांनीच खाल्ली. आमच्या आवाजाला कुणी कवडी विचारत नव्हतं. मी त्याला किंमत मिळवून दिली. वर वसतिगृहात साठ मुलं झोपतात आता. नव्या मजल्यावर."

"आणि त्यांच्या गाद्या बशीरने भरायच्या?"

"कुणीतरी भरायच्याच ना. डोळस लोक तिकीट घेत नाहीत, ताई. त्यांना सतरा ठिकाणी सतरा खेळ आहेत. आपल्याला ऐकणारं कोण आहे? आपलीच माणसं."

बाई खुर्चीत बसल्या. "करारात हे होतं?"

"होतं. कलम अकरा. आवाजाचा वापर मंडळाच्या निधिसंकलनासाठी, दहा वर्षं, मागे घेता न येणारा."

"तू वाचलं नाहीस ते."

सन्मतीची बोटं टेबलाच्या कडेवरून सरकली.

"तुझं बोट पुढं गेलं होतं, सन्मती. तीन ओळी. आवाज नाही गेला. मला वाटलं, दम घेतोयस."

तो बोलला तेव्हा त्याचा आवाज चढला होता.

"छापील प्रत तुमच्याच हातात होती की, ताई. डोळे तुमच्याकडं होते."

"तू वाचत होतास."

"आणि तुम्ही हं म्हणत होता."

ज्या पोराला अ आ इ पासून वाचून दाखवलं, त्याने आयुष्यात एकदाच त्यांना वाचून दाखवलं होतं, आणि ते हे असं. रडायचं नाही असं ठरवून आलेल्या बाई रडल्या. तो ऐकत होता. रुमाल पुढे करावा म्हणून त्याचा हात टेबलावर चाचपडला आणि अर्ध्यात थांबला.

"तो झटपट हुंकार," डोळे पुसून त्यांनी विचारलं. "कंपनीला कुणी सांगितलं?"

"मीच. लहानपणी अभ्यासात पेंग आली की मी तसाच द्यायचो. माहीत होतं मला."

"मलाही माहीत होतं रे. तो आला की मी काय करायची?"

सन्मतीने मान खाली घातली.

"सांग ना. काय करायची मी?"

"मागचं पान परत वाचायचात," तो म्हणाला.

बाई उठल्या. दारापर्यंत गेल्यावर मागून हाक आली, "ताई, सांभाळून. पायरी आहे." त्या पायरीवरून चढउतार करायला त्यांनीच त्याला शिकवलं होतं. त्या पायरी उतरून गेल्या.

सरकारकडे रीतसर तक्रारही त्यांनी केली. चौकशीला बसलेल्या अधिकारी बाई भल्या होत्या, त्यांनी पाणी मागवलं, खुर्ची दिली. मग त्यांनी बशीरचे होकार लावून दाखवले. एकापाठोपाठ एक हं, हं, हं. सगळे स्वच्छ ऐकू येत होते. शेवटी त्यांनी समितीपुढची जुनी साक्ष लावली. माझा श्रोता हं म्हणतो तेव्हा तो होच म्हणत असतो. एकतीस वर्षांत मला कधी शंका आलेली नाही. तो तर खरोखरचा, हाडामांसाचा आवाज होता, त्याबद्दल हेमलताबाईंना तक्रार करायला जागाच नव्हती.

आता एकच उपाय राहिला. श्रोत्यांनाच सांगायचं की हुंकार देऊ नका. बाईंनी जुनी वही काढली आणि फोन लावायला घेतले. पहिला फोन विट्याच्या एका संगीतशिक्षिकेला.

"मी हेमलता ठोसर बोलतेय. एक सांगायचं होतं. पुस्तक ऐकताना..."

"हं," ती शिक्षिका म्हणाली.

"अहो, तेच सांगतेय, हं म्हणू नका."

"हं, बरं. कितीचं आहे तिकीट?"

दुसऱ्या फोनवर जतचे एक निवृत्त मास्तर होते. त्यांनी बाईंचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे तुम्ही बोलताय की ते?"

"मी बोलतेय हो, मास्तर. खरी मी."

"ते पण असंच म्हणेल ना," मास्तर म्हणाले आणि फोन ठेवला.

बाईंनी वही मिटली. आपण आपणच आहोत हे सांगायला त्यांच्याकडे आवाजाशिवाय दुसरं काही नव्हतं, आणि आवाज करारात गेला होता. दुसऱ्या दिवसापासून त्या स्वतः निघाल्या. एसटीने, रिक्षाने, ओळखीच्या गाडीने. घरोघरी जाऊन श्रोत्यांच्या हातात हात द्यायचा आणि सांगायचं. काहींनी ऐकलं. काहींनी तोंडावर सुनावलं की आम्ही तुमच्यावर विसंबलो होतो. एका म्हातारीने त्यांचा हात कितीतरी वेळ धरून ठेवला आणि मग विचारलं, "पण बाई, तुमच्या हिश्शाला किती येतात?" त्या प्रश्नानंतर बाई फाट्यावरच्या दगडावर अर्धा तास बसून होत्या.

बशीरकडे जायला त्यांना सगळ्यांत उशीर झाला. धीरच होत नव्हता. गेल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत ते घड्याळजीचं पुस्तक होतं. बशीरने तिकिटांच्या भीतीने शेवटचं प्रकरण ऐकायचं सोडून दिलं होतं, हे त्यांना माहीत होतं.

त्यांनी त्याला सगळं सांगितलं. बोट पुढे गेलं तेही सांगितलं. बशीर घडवायला घेतलेल्या तंबोऱ्याच्या भोपळ्याला टेकून ऐकत होता.

"संमतीसाहेबानं तुमाला बी फशिवलं म्हना की," तो म्हणाला.

"फसवलं. पण सही माझी आहे. तंबोरा माझ्यामुळं गेला."

"तंबोऱ्याचं सोडा ओ." त्याने भोपळ्यावरून हात फिरवला. "बाई, तुमी सांगता ते खरं असंल. मला वाटतंय खरं हाय. पर हेच उद्या ते मशीन बी सांगंल, ह्याच आवाजात, असंच रडून. मग मी काय धरून बसू?"

"काही धरू नका. हं म्हणायचं नाही एवढंच करा. माझ्यापुढंसुद्धा नाही. शेवटचं प्रकरण राहिलंय तुमचं. वाचू?"

बशीरने मान हलवली. तोंड उघडलं नाही.

बाईंनी चष्मा लावला. डॉक्टरांनी मोठ्याने वाचायची बंदी केली होती, पण आता त्या बंदीचं काय घेऊन बसायचं? आवाज फाटका निघत होता, मधूनमधून खोकला येत होता. पहिलं वाक्य झालं आणि सवयीप्रमाणे त्या थांबल्या. समोरून काही आलं नाही. शेजारच्या दुकानात कुणीतरी लाकूड तासत होतं, तेवढाच आवाज. त्यांनी दुसरं वाक्य वाचलं. पुन्हा थांबल्या. बशीर ओठ घट्ट मिटून बसला होता, त्यांनीच सांगितल्याप्रमाणे. तो ऐकतोय की नाही, समजतंय की नाही, कुठे पुन्हा वाचावं, काही कळायला मार्ग नव्हता. एकतीस वर्षांत अशा भिंतीपुढे त्या कधी वाचल्या नव्हत्या. तरी त्या वाचत राहिल्या. घड्याळजी म्हातारा झाला, बंदरातलं घड्याळ एकदाचं चालू झालं. पान संपलं.

"पान उलटते हं," त्या म्हणाल्या. आपण काय बोललो ते कळून त्या चरकल्या.

बशीर दचकला. त्याचा श्वास छातीत अडकल्याचं त्यांना दिसलं. मग त्याने हळूच हात पुढे केला, चाचपडत पुस्तकापर्यंत आणला आणि बोटं पानावर ठेवली. बाईंनी पान उलटलं. कागद खरोखरच उलटला हे त्याने बोटांनी नीट तपासून पाहिलं, काठापासून काठापर्यंत. जवारी लावताना पट्टी तपासायचा, तसं.

त्याने हात मागे घेतला, मांडीवर ठेवला आणि गप्प बसून राहिला. बाईंनी पुढचं पान वाचायला घेतलं.